मदत हवी आहे: हप्ते फिटेपर्यंत मूळ कागद कोणाकडे?

घरशोध: सिंहगड रोडला रीसेल फ्लॅट घेतोय. बँक नाही, मालकच ३६ हप्त्यांत पैसे घेणार. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मूळ कागद स्वतःकडेच ठेवणार म्हणतात. शनिवारी टोकन द्यायचंय. हो की नाही, एवढंच सांगा.

कागदीघोडा: साठेखत (पुढे विकण्याचा करार) करताय की खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त)? सोसायटी की अपार्टमेंट? मालकाचं कर्ज आहे का?

घरशोध: सोसायटी. कर्ज नाही म्हणतात. साठेखत नोटरी करून, ५०० च्या स्टॅम्पवर.

सूची_दोन: नोटरी? मग कागदांचं राहू द्या. नोटरीची नोंद दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) नसते. उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने शोध घेतला तर तुमचं नाव दिसणारच नाही. साठेखत नोंदवा. पूर्ण मुद्रांक शुल्क आत्ता भरलंत तर खरेदीखताच्या वेळी वळतं होतं.
कागद धरून ठेवण्यात मालकाचं चूक नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार पूर्ण किंमत मिळाल्यावरच ते द्यायचं बंधन आहे. पण मूळ कागद बँकेत नुसते ठेवूनही गहाण होतं, खरी भीती ती.

कुलूपकिल्ली: जॉइंट लॉकर घ्या. दोघं हजर असतील तरच उघडेल असा, 'दोघांपैकी कोणीही' नको. विषय संपला.

कागदीघोडा: संपला कसला? एक गेला की वारसांचे कागद होईपर्यंत लॉकर बंद. त्यापेक्षा वकिलाकडे, तिघांच्या सहीच्या पत्रावर: शेवटच्या हप्त्याची बँक नोंद दाखवली की पाकीट खरेदीदाराला.

कुलूपकिल्ली: आणि वकील मालकाचाच निघाला तर?

कागदीघोडा: म्हणून तिसरा, दोघांनी मिळून निवडलेला. यादीत प्रत्येक कागदाचा दस्त क्रमांक, पानं, मूळ की झेरॉक्स. बिल्डरचा करारनामा, नोंदणी पावती, सूची २ (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. पाकिटाच्या जोडावर सह्या.

सदाशिव_पेठी: काहीही करा, लॅमिनेट करू नका! शिक्का, सही तपासता येत नाही. प्लास्टिकच्या फोल्डरला झेरॉक्सची शाई चिकटते. कागदी पाकीट बरं.

घरशोध: लॅमिनेशनचं कोणी विचारलं? टोकन रोख मागतायत, देऊ का?

सूची_दोन: २० हजार किंवा जास्त रोख नाही. चेक द्या. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (मालकाच्या नावे आयकर) तुम्हीच कापून भरायचा. आणि 'कर्ज नाही' हे कशावरून?

घरशोध: ते म्हणाले म्हणून.

सूची_दोन: शनिवारच्या आधी नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करा. सोसायटीकडून फ्लॅटवर बोजा (कर्ज, गहाण) नसल्याचं पत्र घ्या. आणि मूळ करारनामा स्वतः हातात धरून बघा. झेरॉक्सच पुढे केली तर टोकन देऊ नका.