दुपारी एसी हार मानतो, मेकॅनिक म्हणतो गॅस संपला

तुकूमवाली:
चंद्रपूर, वरचा मजला, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट. सकाळी मस्त गार करतो. दुपारी १ वाजला की २४ वर ठेवला तरी खोली ३० च्या खाली उतरत नाही. फिल्टर दर रविवारी धुते. मेकॅनिक आला, गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं यंत्र) न लावताच म्हणाला, गॅस संपला, ३,५०० लागतील. भरू का?

गेजवाले काका:
ताई, थांबा जरा. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय, बहुतेक फ्लेअर नटपाशी, म्हणजे तांब्याचा पाइप जिथं युनिटला जोडतात तिथं. अशा जागी तेलकट डाग दिसतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. अन् गॅस बराच कमी असता तर सकाळीही रडला असता.

आउटडोअर युनिट गच्चीवर असेल तर मागची जाळी बघा. आपल्याकडं नुसती धूळ कुठं, कोळशाची भुकटी अन् राख बी उडून राहिली. ती फिन्सच्या, म्हणजे त्या जाळीतल्या पातळ पत्र्यांच्या, फटीत बसली की उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर चढतं, इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला कॉम्प्रेसर हळू करतो. त्यात दीड टन हा गार करायच्या ताकदीचा आकडा बाहेर ३५ अंश धरून दिलेला असतो. मे महिन्यात ४५ ला तेवढं मिळत नाही, हे धरूनच चाला.

सकाळी एसीचा एमसीबी (वीज तोडायचा स्विच) पाडा. आधी कोरडा मऊ ब्रश, वरून खाली, फिन्सच्या रेषेतच. डायरेक्ट पाणी माराल तर आत चिखल होतो. मग झाडांचा पाइप, हलक्या धारेनं. गाडी धुवायचा पंप नको, फिन्स मुडपतात. बोअरचं पाणी टाळा, क्षार धरतात.

वरोरा_नाका:
आम्ही तर आउटडोअरला हिरवी जाळी गुंडाळली, ऊन लागत नाही.

गेजवाले काका:
अरे बाप्पा, काढा ती! सावली वरून करा, दोन हात उंच. गुंडाळली तर पंख्यानं फेकलेली गरम हवा तोच परत ओढतो.

तुकूमवाली:
ब्रश मारला तर सुपलीभर काळी भुकटी निघाली. आज ३ वाजता खोलीत २६ होतं. पण घरातल्या युनिटखाली पाणी टपकतंय, ते?

गेजवाले काका:
ड्रेन पाइपात गाळ अडकला असेल. बाहेरच्या टोकाला तोंड लावून फुंकू नका, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढा.