मदत हवी आहे: 'सेट' हा शब्द मराठीतून कसा समजावू?
नमस्कार मंडळी. दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. काल 'द सन सेट्स' वाचताना एकीने विचारलं, "बाई, जेली फ्रीजमध्ये सेट होते, मग सूर्यही घट्ट होतो का?" कुणी हसलं नाही, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता.

एक धागा मला सापडलाय. 'सेट' हे क्रियापद मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप, आपल्या बसणे-बसवणेसारखं. त्यामुळे हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे मुलांना लगेच कळलं. दागिन्यांचा सेट मात्र वेगळ्या घरातला. तो जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन. पण गजर आपण लावतो, दही लागतं, सूर्य मावळतो, तिथे 'बसवणे' चालत नाही. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या कोशात या एका शब्दाचे ४०० हून अधिक अर्थ आहेत. ते पाठ करून घेणं मला अजिबात पटत नाही.

खरं अडलंय ते 'सेट ऑफ', 'सेट इन', 'सेट अप'पाशी. यांना रोजच्या मराठीतली क्रियापदं कुणी जोडून शिकवली आहेत का? 'पावसाळा लागला' यासारखी उदाहरणं हवी आहेत. शिकवणाऱ्यांनी कृपया लिहा, सोमवारी पुन्हा हाच धडा आहे.