पोरीच्या शाळेत नंबर नाही, होमवर्क नाही, वर शुक्रवारी 'हाताचं काम'. ठेवू का काढू?

होटगी_रोड
राम राम सोलापूरकर मंडळी. पोरगी दुसरीत आहे. मराठी शाळा, सेमी इंग्लिश. नाव सांगत नाही कारण भांडायचं नाहीये, विचारायचंय. जूनपासून नवीन मोठ्या बाई (मुख्याध्यापिका) आल्यात आणि गेल्या शनिवारी पालकसभेत त्यांनी सगळं उलटंपालटं करून सांगितलं. पुस्तकं बालभारतीचीच, पण तिसरीपर्यंत पहिला दुसरा नंबर काढणार नाही, घरचा अभ्यास नाही, रोज पंधरा मिनिटं पोरानं मोठ्यानं वाचायचं आणि घरातल्या कुणीतरी ऐकायचं, बास. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास हाताचं काम म्हणजे वर्ग झाडणं, शेंगा सोलणं, बटण लावणं. प्रगतिपुस्तकात सहकार्य, नीटनेटकेपणा, खरं बोलणं यावर बाई दोन दोन ओळी लिहिणार.

बायको एकदम खूश. मी आपला परवा वही उघडून बसलो तर एका पानावर भाकरीचं चित्र, तिचे चार तुकडे, खाली "एक तुकडा आईला दिला, किती उरले". पान उलटलं, परत भाकरी, आता आठ तुकडे. तीन आठवड्यात एवढंच! भावाचा पोरगा दुसऱ्या शाळेत त्याच इयत्तेत हातच्याची वजाबाकी करायलाय, पन्नास स्पेलिंगं तोंडपाठ. फी मीपण भरतोच की. काय करू?

कांडीवाला
काढा. लगेच काढा. आमचं घर पूर्व भागातलं, वडील मागावर, आई मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, मी सातव्या वर्षापासून कांड्या भरल्यात, अजून बोटाला ती सवय आहे. हाताचं काम शाळेत शिकवायचं हे कौतुक ज्यांच्या घरी भांड्याला बाई येते त्यांचं. आमच्या आईबापानं शाळेत कशाला घातलं होतं, तर कांडीतनं सुटावं म्हणून. आणि तिथं जाऊन परत शेंगा सोलायच्या? घरी तेलुगू, गल्लीत मराठी, पुस्तकात इंग्रजी, त्यात लेकरू तिसरीपर्यंत भाकरीच मोडत बसलं तर पाचवीत आपटतंय. आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसवतात. तेव्हा "सहकार्य उत्तम" लिहिलेला कागद कोण बघणार नाही.

शेंगाचटणी
एक बारीकशी शंका. कडक भाकरीचे सारखे चार तुकडे आजवर कुणाला जमलेत का? बाईंना म्हणावं धपाटं घ्या.

दोन_लेकरांची_आई
होटगीदादा, काढू नका. माझा मोठा त्या स्पेलिंगवाल्या शाळेत होता, दुसरीत ९८ टक्के आणि तिसरीत धड्याखालचं उत्तर पुस्तकात न बघता स्वतःच्या शब्दात सांग म्हटलं की रडायचा. वाचता येत होतं, काय वाचलं ते कळत नव्हतं. तुमच्या बाई काय हवेतनं काढून सांगत नाहीयेत हो. केंद्र सरकारचं ते निपुण भारत अभियान २०२१ ला आलं त्यात हेच आहे, तिसरी संपेपर्यंत लेकराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी आकडेमोड आली पाहिजे, बाकीचं नंतर. आणि आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी काय करून दाखवलं ते विसरलो का आपण? पुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं, दहा लाख डॉलरमधले अर्धे बाकीच्या फायनलवाल्या शिक्षकांना वाटून टाकले. मूल्यशिक्षण मूल्यशिक्षण म्हणतात ते अजून काय असतं.

कांडीवाला
ताई, डिसले गुरुजींबद्दल आदरच आहे. पण एक माणूस दाखवून हजार शाळांचं माप काढायचं हे काय बरोबर नाही. आणि बक्षीस वाटलं हा त्या माणसाचा स्वभाव, अभ्यासक्रमाचा नव्हे. होटगीकरांच्या शाळेतल्या बाई उद्या बदलल्या तर पुढची बाई परत नंबर काढणार, मधल्या मधी हे लेकरू ना इकडचं ना तिकडचं.

रिटायर्ड_गुरुजी
मी तीस वर्षं प्राथमिकला काढली, तेव्हा जरा बोलतो. मूल्यशिक्षण काय नवीन नाही. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्रीपुरुष समानता अशी दहा मूल्यं आम्ही परिपाठात रोज म्हणून घ्यायचो. पोरं झोपेतसुद्धा म्हणायची. सौजन्यशीलता म्हणता म्हणता पुढच्याच्या पाठीत बुक्की घालायची. तक्ता भिंतीवर होता, तक्त्यानं कुणी सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही.

कामाला आलं ते वेगळंच. दरवर्षी १२ जानेवारीला मी चौथीची पोरं चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचो. सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. मी काही भाषण करायचो नाही. फक्त चार नावं मोठ्यानं वाचायला सांगायचो. एका वर्षी एका पोरानं वाचता वाचता मधीच थांबून विचारलं, गुरुजी ह्यांची घरं एका गल्लीत होती का? त्या दिवशी सर्वधर्मसहिष्णुतेचा तास झाला असं मी समजतो, तक्त्याकडं बघायची गरजच पडली नाही. (दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला अर्धा वर्ग दांडी, तो भाग सोडा.)

तर होटगीकर, शाळा मूल्य कोणतं म्हणते हे विचारू नका. ते कुठल्या तासात, कशातनं शिकवते ते विचारा. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं आहे, आपलं सोलापूरचं आहे. ते घेऊन बाई पोरांना बाहेर काढणार आहेत का, का तेही प्रश्नोत्तरं लिहून संपवणार?

घरकुलातली
मी कुंभारीच्या विडी घरकुलात वाढले. २००६ ला दहा हजार विडी कामगार बायकांना घरं मिळाली त्यातलं एक आमचं. कांडीवाला दादांचं निम्मं पटतंय आणि निम्मं अजिबात नाही.

आई दिवसाला हजार विड्या वळायची. मांडीवर सूप, बाजूला कापलेली पानं, शाळेतनं आलं की मी दोरा बांधायला आणि कट्टे मोजायला. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. कारखान्यात माल दिला की तिथं वाईट म्हणून काही काढून टाकायचे, ती छाट वजा करून किती राहिल्या ते मी रस्त्यात चालता चालता आईला सांगायचे, कुणी फसवलं तर लगेच कळायचं. दुसरीत होते मी. आठ कट्टे किती विचारलं तर डोळा मिटायच्या आत दोनशे. आणि त्याच दुसरीत फळ्यावर २५ गुणिले ८ आलं की माझं डोकं बंद, अंगठे धरून उभी राहायचे. हे तेच गणित आहे हे मला पाचवीत कळलं, ते पण एका सरांनी सहज विचारलं आई काय करते म्हणून. मग त्यांनी कट्टे काढले वहीत, खाली आकडे मांडले. त्या दिवसापास्नं गणित आलं ते आलंच.

म्हणून दादा, भाकरीला हसू नका. पण होटगीदादा तुम्हीपण नुसत्या भाकरीवर खूश होऊ नका. भाकरीवरनं आकड्यावर यायला पाहिजे. चित्राखाली मांडलेलं गणित आहे का ते बघा. नसेल तर माझ्यासारखं होईल, हाताला येतंय आणि कागदावर शून्य, आणि परीक्षा कागदावरच असती.

आणखी एक. वर्ग झाडणं ह्या शब्दाला माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या शाळेतपण श्रमप्रतिष्ठा होती. झाडू पोरींच्या हातात, त्यातपण घरकुलातल्या पोरींच्या. साहेब लोकांची पोरं तोवर मैदानात. तुमच्या शाळेत शुक्रवारी झाडू कुणाच्या हातात असतो ते एकदा स्वतः जाऊन बघा, मग काढायचं का ठेवायचं ठरवा.

कांडीवाला
ताई, हे वाचून गप्प बसलो जरा वेळ. माझं इंग्रजीचं म्हणणं मात्र मागं घेत नाही.

दोन_लेकरांची_आई
इंग्रजी नको कोण म्हणतंय दादा. शिक्षणहक्काच्या आरटीई कायद्यात पण आहे की शिकवायचं ते जमेल तिथवर मुलाच्या मातृभाषेत. तुमच्या घरी तेलुगू, म्हणजे तुमच्या लेकराला मराठीच आधी दुसरी भाषा झाली. त्यावर एकदम तिसरी लादली की काय होतं ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल.

कांडीवाला
काय होतंय, शिकतंय. सोलापुरात कानडी तेलुगू मराठी उर्दू चारी भाषेत उधारी मागणारी माणसं आहेत ताई, कुठल्या शाळेत गेलती ती?

शेंगाचटणी
😂 बे, ह्याला उत्तर नाही.

होटगी_रोड
शुक्रवारी जाऊन आलो, ऑफिसातनं तासभर दांडी मारून. खिडकीतनं बघितलं. भिंतीवर आडव्या रेघा मारलेला कामाचा तक्ता, त्यात सगळ्यांची नावं, पोरं पोरी मिसळून, आठवड्याला फिरतात. झाडू दोन पोरांच्या हातात होता, त्यातला एक आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांचा, तो एकाच फरशीवर दहा मिनिटं झाडायला होता आणि कचरा पायानं दुसऱ्याकडं ढकलत होता. आमची बाईसाहेब दोरा ओवत बसलेली, जीभ बाहेर काढून. घरी साधी चप्पल जागेवर ठेवत नाही.

नंतर बाईंना भेटलो. परिसर अभ्यासाचं विचारलं तर म्हणाल्या डिसेंबरात हुरड्याला जवळच्या शेतावर नेणार, ज्वारी मोजायची, भाव काढायचा. हे आवडलं. मग भाकरीच्या खाली आकडे कधी येणार विचारलं, तर जरा अडखळल्या. दिवाळीनंतर, म्हणाल्या. कुठल्या आठवड्यात ते सांगता आलं नाही. नियोजनाची वही दाखवा म्हटलं तर अर्धी कोरी होती. बाई मनापासून करायलेत यात शंका नाही, पण वही कोरी आहे ती आहे.

सध्या ठेवतोय. वजाबाकी मी रविवारी घरी घेतो, बायकोला कळू न देता.

कांडीवाला
दिवाळीनंतर त्या वहीचा फोटो टाका इथं. मी विसरणार नाही.

घरकुलातली
आणि रविवारी वजाबाकी घेताना शेंगा घ्या समोर. उरलेल्या खाता येतात.