आईचं अकाउंट हॅक झालं आणि सगळे तिलाच बोलतायत. चूक नक्की कोणाची?

सांगलीची_लेक
आईचा घरगुती मसाले आणि फराळाचा व्यवसाय आहे, सहा वर्षं एका सोशल मीडिया पेजवरूनच ऑर्डरी यायच्या. गेल्या महिन्यात कोणीतरी त्यात घुसलं, ईमेल बदलला, नंबर बदलला, आणि आईच्या नावाने नेहमीच्या गिऱ्हाइकांना मेसेज गेले की दवाखान्यात आहे, अर्जंट पैसे पाठवा. दोन बायकांनी पाठवले पण. एकीने पाच हजार, एकीने तीन.

पासवर्ड माझं नाव आणि जन्मसाल असा होता आणि सगळीकडे तोच, हे मान्य आहे. नंतर चेक केलं तर एका शॉपिंग साईटचा डेटा आधीच फुटलेला आणि त्यात आईचा ईमेल पण होता. त्या साईटने आम्हाला कधी एका शब्दाने कळवलं नाही. सोशल मीडियावाल्यांचा फॉर्म चार वेळा भरला, दरवेळी तेच ठरलेलं उत्तर. आणि घरात मामा म्हणतो असला पासवर्ड ठेवल्यावर दुसरं काय होणार. आई तेव्हापासून गप्प आहे, नवीन पेज काढू म्हटलं तर नको म्हणते, आणि त्या दोघींचे आठ हजार मीच भरून देते म्हणतेय. मला खरंच समजून घ्यायचंय की यात तिचा दोष किती?

कोड_आणि_कांदेपोहे
ताई, आधी आईंना सांगा की त्यांचा पासवर्ड कोणी बसून ओळखलेला नसणार. फुटलेल्या साईटची ईमेल-पासवर्डची यादी घेतात आणि प्रोग्राम लावून दुसऱ्या शेकडो साईटवर एकेक जोडी चालते का बघतात. म्हणजे पासवर्ड अगदी अवघड असता पण दोन्हीकडे तोच असता तरी हेच होऊ शकलं असतं.

तुमचाच प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणात आला होता. ट्वेंटीथ्री अँड मी ही डीएनए टेस्ट करणारी कंपनी, 2023 मध्ये तिची साधारण 14 हजार खाती ह्याच पद्धतीने उघडली. पण त्यात नातेवाईक शोधायची सोय होती, त्यामुळे त्या 14 हजारांतून तब्बल 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. आणि कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलं की लोकांनी जुने पासवर्ड परत वापरले, निष्काळजीपणा त्यांचा. आता ह्या 69 लाखांतल्या बहुतेकांचा स्वतःचा पासवर्ड फुटलाच नव्हता, त्यांचा काय निष्काळजीपणा? दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री, कंपनीने सक्तीचं केलं ते सगळं झाल्यावर. 2025 मध्ये ब्रिटनच्या डेटा नियामकाने तिला 23 लाख पौंडांहून जास्त दंड केला. लोक तेच पासवर्ड वापरतात हे ह्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, मी स्वतः ह्यात काम करतो म्हणून सांगतो. माहीत असून दार तसंच ठेवायचं आणि मग गिऱ्हाइकाकडे बोट दाखवायचं हे मला पटत नाही.

स्पष्टच_बोलतो
सगळं कंपनीवर ढकलू नका. दोन टप्प्यांची सोय त्या पेजवर पण असणार, लावली होती का? धंदा त्यावर चालतो तर पाच मिनिटं काढायला हवी होती. राग नाही, पण नुकसान त्या दोन बायकांचं पण झालंय, त्यांची तर काहीच चूक नव्हती.

निवृत्त_कॅशियर
बँकेत 31 वर्षं काढली म्हणून लिहितो. आमच्याकडे हा वाद रोजचा होता आणि रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 च्या परिपत्रकात तो बऱ्यापैकी मार्गी लावला. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला एक रुपयाचा भुर्दंड नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच काहीतरी झालं, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरी नाही. ग्राहकानेच पिन वगैरे दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेवर टाकलंय. सोशल मीडियाच्या बाबतीत उलटं आहे, तिथे तुमचं पेज तुमचंच आहे हे तुम्हीच चार चार वेळा फॉर्म भरून सिद्ध करत बसता. स्पष्टच_बोलतो म्हणतात ते चूक नाही, पण चूक झाली म्हणून माणसाला वाऱ्यावर सोडायचं असं कुठल्या नियमात बसतं?

माहेर_मालवण
सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक सांगते, माझे बाबा दोन टप्प्यांमुळेच स्वतःच्या ईमेलमधून कायमचे बाहेर पडले कारण ओटीपी जुन्या बंद झालेल्या सिमवर जात होता. त्यामुळे तो एकच उपाय नाही. पासवर्ड ठेवताना तो फुटलेल्या याद्यांमध्ये आहे का हे साईटला लगेच तपासता येतं, हॅव आय बीन पोन्ड नावाच्या साईटकडे असल्या याद्या आहेत आणि त्या तपासणीला पैसे पण पडत नाहीत. असेल तर तिथेच सांगायचं की हा नको, दुसरा ठेवा. आईंना कोणीतरी तेव्हाच एवढं सांगितलं असतं तर?

कोड_आणि_कांदेपोहे
हो, हे माझ्याकडून राहिलं, बरोबर आहे तुमचं. ताई, 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन केलात का? त्या दोघींना पण करायला सांगा, पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत. आणि आईंचा ईमेलचा पासवर्ड आज बदला, तोच असेल तर बाकी सगळं त्यातूनच उघडतं.

सांगलीची_लेक
ईमेलचा तोच होता, आत्ताच बदलला. नवा आईने स्वतः ठरवला आणि घरातल्या वहीत लिहून ठेवला. स्पष्टच_बोलतो, दोन टप्पे लावले नव्हते, आणि ते मी लावून द्यायला हवे होते कारण पेज मीच काढून दिलं होतं, आईला ती सोय आहे हेच माहीत नव्हतं. निवृत्त कॅशियर काका, तुमचं उत्तर मामाला वाचून दाखवलं, काही बोलला नाही पण संध्याकाळी आईकडे येऊन बसला. 1930 वर एकीने त्याच दिवशी केला होता, दुसरीने नाही. तिच्याकडे मेसेज अजून आहेत, उद्या तिला घेऊन पोलीस स्टेशनला जाते.