विश्रामबाग की गावभाग? भाड्याचं गणित बघून सांगा

नमस्कार सांगलीकर मंडळी,

बाबा रिटायर झाले, फंडाचे पैसे आलेत. त्यांच्या मनात फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा आहे. राहायला आमच्यापैकी कुणी जाणार नाही, म्हणून मी फक्त भाड्याच्या बाजूनं बघतोय.

विश्रामबागला टू बीएचके ४८ लाख, भाडं ११,०००. म्हणजे वर्षाला १,३२,०००. नुसत्या भाड्यातून किंमत निघायला ३६ वर्षं! मेंटेनन्स, घरपट्टी आणि वर्षात एखादा महिना रिकामा गेला असं धरलं, तर हातात ९६,००० च्या आसपास. दोन टक्के. वर स्टॅम्प ड्युटी ६ टक्के आणि नोंदणीचे ३०,००० म्हणजे आणखी ३ लाख १८ हजार. (एकट्या आईच्या नावावर घेतला तर एक टक्का वाचेल, पण तो विषय घरात काढायची हिंमत नाही.) एफडीला साडेसहा टक्के मिळाले तरी ती बरी, असं मला वाटतं. बाबा म्हणतात, "किंमत वाढते ती धरलीच नाहीस." बरोबर आहे, पण एफडीची बरोबरी करायला दरवर्षी साडेचार-पाच टक्के वाढ हवी. ती खरंच मिळते का?

दुसरा गावभागात, जुनी इमारत, दुसरा मजला. २४ लाख, भाडं ८,५००. इथे २३-२४ वर्षं. कागदावर हाच चांगला. पण २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी पाहिलाय. हा स्वस्त आहे की पुराची भीती किमतीत आधीच उतरलीय? की दोन्ही सोडून मिरजेत हॉस्पिटलांच्या बाजूला बघू?

प्रतिसाद १
एजंट सांगतो ती किंमत धरू नका. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे जुने दस्त निघतात. पाच-सात वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा दर शेजारी ठेवा, वाढ किती ते कळेल. भाडंही वॉचमनला विचारा, मालकाला नाही. आणि टॅक्स विसरलात. भाड्यातून घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर ३० टक्के सूट आहे, एफडीचं व्याज मात्र पूर्ण उत्पन्नात धरतात.

प्रतिसाद २
दादा, दुसरा मजला कोरडा राहतो हो, पण मीटर, पाण्याची मोटर, पार्किंग खालीच असतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. भाडेकरू त्या वेळी निघून जातो आणि पुढचा येताना भाडं पाडून मागतो. तुमच्या हिशेबात एक महिना रिकामा धरलाय, गावभागासाठी दर चार-पाच वर्षांतून एकदा सलग चार महिने धरून परत मांडा. मिरजेत नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर मिळतात, खोली रिकामी फारशी राहत नाही. तिकडचा आकडा टाका, मग बोलू.