शब्दचर्चा: ‘मुदत गेली’ म्हणजे हक्कही गेला का?

साष्टीकर: जमिनीच्या दाव्यांच्या मराठी कागदांत विलंब, दिरंगाई, मुदतबाह्य आणि हक्कलोप हे चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. अर्थ खरंच एक आहे का? आणि ‘प्रतिकूल कब्जा’ (मालकाचा हक्क झुगारून ठेवलेला ताबा) या बोजड शब्दाला पर्याय आहे का?

दप्तरी: चारही वेगळे. विलंब म्हणजे नुसता उशीर, त्यात दोष असेलच असं नाही. मुदत म्हणजे कायद्यानं आखून दिलेला काळ. मालकीच्या जोरावर जमिनीचा ताबा मागायचा तर १९६३च्या मुदतीच्या कायद्यात १२ वर्षे (अनुच्छेद ६५), सरकारनं दावा लावला तर ३० वर्षे (अनुच्छेद ११२). ती उलटली की दावा मुदतबाह्य. प्रतिवादीनं कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाला असा दावा फेटाळावाच लागतो.

इथे हमखास एक चूक होते. ‘विलंबमाफीचा अर्ज देऊ’ असं सहज म्हणतात. पण कलम ५ ची विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही.

दिरंगाईत मात्र वर्षांचा आकडाच नसतो. उच्च न्यायालयात रिट याचिका उशिरा केली तर न्यायमूर्ती विचारतात, इतकी वर्षे गप्प का होतात, आणि दरम्यान त्या जागेवर तिसऱ्याच कुणी पैसे घालून इमारत उभी केली का? वकिलांच्या तोंडचा ‘लॅचेस’ तो हाच. जुन्या फ्रेंचमधल्या ‘ढिलेपणा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला, त्यामुळे ‘ढिलाई’ हा शब्द खरं तर अधिक नेमका.

खाडीकाठ: हक्कलोप सगळ्यांत वजनदार, तो जपून वापरावा. हातउसन्या पैशाची ३ वर्षांची मुदत गेली तर दावा बुडतो, कर्ज बुडत नाही. ऋणकोनं आपणहून फेडलं तर मुदत संपली होती म्हणून त्याला ते परत मागता येत नाही. जमिनीचं तसं नाही. कलम २७ प्रमाणे ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की मालमत्तेवरचा हक्कच संपतो. म्हणून उसनवारीला ‘मुदतबाह्य’ पुरे, हक्कलोप जमिनीपुरता ठेवावा.

साष्टीकर: म्हणजे बाळकुमची वाडी राखायला दिली आणि राखणदार ४० वर्षे राहिला, तर वाडी त्याची?

खाडीकाठ: नाही. १२ वर्षे राहायला आल्या दिवसापासून मोजत नाहीत, ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजतात. राखणदार, भाडेकरू, मेहेरबानीनं ठेवलेला नातेवाईक यांचा ताबा परवानगीचा. तो ४० वर्षांनीही परवानगीचाच. सहहिस्सेदाराचंही तेच: एका भावाचा ताबा तो सगळ्यांचा, त्यानं इतरांचा हक्क उघड नाकारेपर्यंत.

म्हणून ‘प्रतिकूल’ नको. त्यानं हवामान आठवतं. ‘हक्काविरुद्ध ताबा’ म्हणा, अर्थ शब्दातच येतो. असा ताबा सांगणाऱ्याला तो कोणत्या तारखेपासून, कसा, मालकाला ठाऊक होता का आणि अखंड होता का, हे सगळं मांडावं आणि शाबीत करावं लागतं. ‘पूर्वापार वहिवाट’ एवढ्यानं भागत नाही. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयानं अशा ताबेदाराला स्वतः दावा लावायचीही मुभा दिली आहे. त्याआधी हा मुद्दा मुख्यतः बचावाचा मानत.

दप्तरी: नवी मुंबईतल्या ‘गरजेपोटी’ बांधकामांनाही, म्हणजे गावकऱ्यांनी सरकारनं संपादित केलेल्या जागेवर विनापरवाना बांधलेल्या घरांनाही, काही जण हाच शब्द लावतात. पण ‘घर नियमित करून द्या’ असा अर्ज केला की जागा समोरच्याची हे आपणच लिहून दिलं. मग विरुद्ध काय उरलं? संपादित जागेच्या वाढीव मोबदल्याची मुदत तर फारच तुटपुंजी: १८९४च्या भूसंपादन कायद्यात (तो २०१४ पासून रद्द झाला) कलम १८ चा अर्ज मोबदल्याच्या निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यानं ६ आठवड्यांत करायचा असे. तिथे १२ वर्षांचा हिशेब लावणं म्हणजे हातानं मोबदला सोडणं.

मोडीप्रेमी: वहिवाटीचे दोन अर्थ वेगळे ठेवा. ‘मालकी व कब्जेवहिवाटीची मिळकत’ यात तो ताबा-उपभोग. ‘वहिवाटीचा रस्ता’ यात दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क, तो खासगी जमिनीतून २० वर्षांच्या अखंड वापरानं मिळतो. त्या रस्त्यात कुणी नव्यानं अडथळा आणला तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे ६ महिन्यांत जावं लागतं.

साष्टीकर: सातबाऱ्यावर नाव चढलं की मुदत संपते असं ऐकलं होतं. आणि मालक अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर?

दप्तरी: सातबारा मालकीचा दस्त नाही. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. उलट बाजूही ध्यानात ठेवा: तलाठ्याकडे हरकत, वकिलाची नोटीस, पोलिसांत तक्रार यांनी १२ वर्षे थांबत नाहीत, दावाच दाखल व्हावा लागतो. मालक वारला किंवा जमीन विकली तरी मोजणी नव्यानं सुरू होत नाही. होते ती ताबेदारानं मुदतीच्या आत ‘जागा तुमची’ असं सहीनिशी लिहून दिलं तर.

अज्ञानाला १८ नंतर आणखी १२ वर्षे मिळतात हा गैरसमज. फार तर ३. ताबा गेला तेव्हा मूल ४ वर्षांचं असेल तर ते २१ वर्षांचं होईपर्यंत. १० वर्षांचं असेल तर साधी १२ वर्षेच २२व्या वर्षापर्यंत जातात, तेव्हा तीच धरायची.

मोडीप्रेमी: ‘दाव्यास कारण घडले’ या शब्दांपुढची तारीख म्हणूनच मोघम ठेवू नये. ‘सुमारे १५ वर्षांपूर्वी अतिक्रमण केले’ असं वादीनंच लिहिलं, तर दावा मुदतीबाहेर असल्याची कबुली त्याच्याच दावाअर्जात येते आणि सुरुवातीलाच तो नामंजूर करून घ्यायला प्रतिवादीला आयतं कारण मिळतं.