मानद मॅजिस्ट्रेटचं प्रशिक्षण: वर्ग कोणी चालवावा?

टेम्सकाठ
इंग्लंड आणि वेल्सच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात निकाल देणारी माणसं बहुतांशी बिनपगारी आणि बिगरवकील असतात. कुणी शिक्षिका, कुणी ड्रायव्हर, कुणी निवृत्त नर्स. वर्षाला निदान १३ दिवस कोर्टात बसायचं, हातात फक्त भत्ते. आणि १८ नोव्हेंबर २०२४ पासून एका गुन्ह्याला १२ महिन्यांपर्यंत कैद देण्याचा अधिकार पुन्हा त्यांच्याकडे आला आहे.

प्रशिक्षण १९६६ पासून सक्तीचं आहे. अभ्यासक्रम ज्युडिशियल कॉलेज ही न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी संस्था ठरवते, वर्ग मात्र विभागात भरतात आणि ते प्रामुख्याने मॅजिस्ट्रेटना कायद्याचा सल्ला देणारे कोर्टाचे वकील, म्हणजे लीगल अ‍ॅडव्हायझर घेतात. माझं स्पष्ट मत आहे की विभागातल्या कार्यक्रमाची सूत्रं अनुभवी मॅजिस्ट्रेटकडे असावीत आणि लीगल अ‍ॅडव्हायझरने शेजारी बसून कायदा सांभाळावा. वकील उभा राहिला की वर्ग कलमांकडे वळतो. नवख्याचं अडतं ते दुसरीकडेच. बेंचवर सहसा तिघं बसतात; मधल्या खुर्चीतला प्रिसायडिंग जस्टिस, म्हणजे बेंचचा प्रमुख, घाई करत असेल तर त्याला थांबवायचं कसं? दोघांचं मत जुळलं आणि आपलं वेगळं असेल तर बोलायचं कधी? निकालाची कारणं आरोपीला समजतील अशी लिहायची कशी? हे ज्याने वर्षानुवर्षं केलंय त्यानेच शिकवावं.

पेनाइन्स
अजिबात पटलं नाही. नवख्याचं अडतं ते कायद्याच्या क्रमातच, आणि अनुभवी माणसाच्या सवयी तिथे सर्वांत जास्त घात करतात.

वर्गातलं नेहमीचं उदाहरण घ्या. दारू पिऊन गाडी चालवली, श्वासात १०० मिलीमागे ७८ मायक्रोग्रॅम (मर्यादा ३५). पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल. आठवड्याचं उत्पन्न ४०० पौंड. शिक्षेच्या मार्गदर्शक तक्त्यात ही पातळी ‘बँड सी’ दंडात येते, म्हणजे उत्पन्नाच्या १५० टक्के, ६०० पौंड. हा फक्त आरंभबिंदू. मग गांभीर्य वाढवणारे आणि कमी करणारे मुद्दे पाहायचे. समजा ते एकमेकांना तोलून गेले. आता कबुलीची एक तृतीयांश सूट, उरले ४००. सरचार्ज, म्हणजे दंडावरचा जादा आकार, ४० टक्के, १६० पौंड. खटल्याचा खर्च वेगळा. गाडी चालवायला बंदी १७ ते २२ महिने.

आता चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली, सरचार्ज ६०० वर काढून २४० सांगितला जातो. दुसरी आणि सर्वांत जास्त दिसणारी, कबुलीची सूट बंदीच्या महिन्यांनाही लावली जाते. ती लागत नाही. बंदी कमी होते ती पुनर्वसन कोर्स पूर्ण केल्यावर, जास्तीत जास्त एक चतुर्थांश. तिसरी, टेबलावर कोणीतरी आधी आकडा बोलतो आणि मग बाकीचे त्याच्याभोवती कारणं गोळा करतात. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे वाक्य अनुभवी मॅजिस्ट्रेटच्या तोंडून वर्गात आलं की पंधरा जण ते घेऊन पंधरा कोर्टांत जातात. एकाच गुन्ह्याला लीड्समध्ये एक शिक्षा आणि प्लिमथमध्ये दुसरी, हे थांबवायलाच तर हे सगळं उभं केलं.

शनिवारपेठ
भारतातून जवळचं उदाहरण. आपल्या बाल न्याय मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य बसतात, त्यांतली एक स्त्री असावी लागते. २०१५ च्या कायद्यानुसार नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते प्रधान मॅजिस्ट्रेटलाही आहे. तिघांना एकत्र बसवायची ही कल्पना मला फार योग्य वाटते. नुसत्या बिगरवकिलांना शिकवून वकिलासमोर बसवलं तर ते मान डोलावायलाच शिकतात. तुमच्या वर्गात लीगल अ‍ॅडव्हायझर शिकणाऱ्यांच्या बाकावर कधी असतो का?

टेम्सकाठ
@पेनाइन्स, सरचार्ज आणि बंदीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तुम्ही दाखवलेली तिसरी चूक कायद्याची नाही, माणसांच्या वागण्याची आहे. तिच्यावरचा उपाय असा. टेबलागणिक तीनच जण, म्हणजे खरं बेंच. प्रत्येक फेरीला मधली खुर्ची बदलायची. चर्चेआधी तिघांनी गुन्ह्याची वर्गवारी कागदावर लिहायची, आकडा लिहायचाच नाही. सर्वांत नवख्याने आधी बोलायचं. उत्तर चुकलं तरी शिकवणाऱ्याने मध्ये पडायचं नाही. कारणं मोठ्याने वाचून दाखवायला लावायची. आकड्याला कारणाचा आधार नसेल तर तो वाचतानाच उघडा पडतो. हे चालवायला बेंचवर बसलेलाच माणूस हवा.

@शनिवारपेठ, चांगला प्रश्न. इथे सल्लागार कायदा सांगतो, दोषी की निर्दोष यात पडत नाही. मॅजिस्ट्रेट चर्चा करतात त्या आतल्या खोलीत काही नवा सल्ला दिला तर तो खुल्या कोर्टात पुन्हा सांगावा लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंना त्यावर बोलता येतं. ही सीमारेषा दोघांनी एकत्र गिरवायला हवी.

नदीपार
तुम्ही दोघंही वर्गाच्या दिवसाबद्दलच भांडताय. प्रशिक्षण कोलमडतं ते त्यानंतर. साधारणपणे नवख्याला मेंटर, म्हणजे मार्गदर्शक मॅजिस्ट्रेट मिळतो, त्याच्यासोबत कोर्टात सहाएक बैठका होतात आणि वर्ष-दीड वर्षात पहिलं अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन. वर्षाला १३ दिवसच बसणाऱ्याच्या बैठका लांबत गेल्या तर वर्गातलं निम्मं विसरायला होतं. त्यातून मेंटर बदलला की दुसरा पहिल्याच्या उलट सांगतो. म्हणून विभागाने आधी मेंटरांचा वर्ग घ्यावा, नवख्यांच्या वर्गाआधी आणि त्याच सरावखटल्यांवर. नवख्यांच्या पहिल्या तीन बैठकाही वर्ग संपायच्या आत रोस्टरवर लावून टाकाव्यात.

पेनाइन्स
मेंटरांचा वर्ग आधी, हे मान्य. टेबलाची रचनाही उत्तम आहे, उद्या वापरावी अशी. पण सरावखटला लिहिणं आणि उत्तरपत्रिकेवर सही करणं लीगल अ‍ॅडव्हायझरकडेच राहावं. तक्ते बदलतात, सरचार्जचे दर बदलतात, आणि गेल्या वर्षीचा कागद तसाच पुन्हा वाटला जातो. प्रत्येक कागदावर तपासणीची तारीख हवी. तारीख नसलेला कागद वर्गात येता कामा नये.

टेम्सकाठ
तारखेचं पटलं. सहीही त्यांची राहू दे. टेबलाजवळ मात्र मॅजिस्ट्रेटच उभा हवा, यावर मी ठाम आहे.